वर्गणी न देणाऱ्याची बाग

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. नगरपालिका आली ती त्यानंतर. म्हणजे दिवे, गटारे आणि रस्ते यांची काळजी वाहणारी यंत्रणा उभी राहण्यापूर्वीच या गावाने पुस्तकांची काळजी वाहणारी संस्था काढली होती. आज सगळे जिला ‘सावाना’ म्हणतात त्या संस्थेला सभासद आहेत, वर्गणी आहे, पॅनेल करून लढवल्या जाणाऱ्या निवडणुका आहेत, वार्षिक सभेत हिशेबाच्या पानावरून होणारी खडाजंगी आहे, आणि एवढे सगळे होऊनही पुस्तकांची देवघेव चालू राहते. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. गोदाकाठची वसंत व्याख्यानमाला, पेठापेठांतल्या तालमी आणि व्यायामशाळा, उत्सवांची मंडळे या साऱ्या गोष्टी लोकांनीच काढल्या आणि लोकांनीच चालवल्या. घटना लिहिणे, पावतीपुस्तक छापणे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करणे आणि त्यानंतर वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत संस्था चालू ठेवणे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. असे असताना सार्वजनिक उद्यान चालवणारी संस्था मात्र या शहरात शोधावी लागते, याचे मला बरेच दिवस नवल वाटत आले आहे.

हा विचार निव्वळ कुतूहलाचा राहिला नाही, कारण गंगापूर रस्त्याच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या कॉलनीतील उद्यान नागरिक मंडळाने चालवायला घ्यावे की काय, यावर गेले काही महिने आमच्याकडे खल चालू आहे. उद्यान लहानच आहे. एक चालण्याची वाट, मधोमध लॉन, कडेने गुलमोहर आणि सप्तपर्णी, मुलांसाठी घसरगुंडी व झोके, एका कोपऱ्यात ग्रीन जिम, दुसऱ्या कोपऱ्यात बोअरवेलच्या मोटरची पत्र्याची पेटी. नाशिकमध्ये अशी उद्याने शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा जन्म एकाच पद्धतीने झाला आहे. शेतजमीन बिनशेती झाली, तिचा ले-आउट पडला, आणि नियमाप्रमाणे मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागली. तिला सरकारी कागदांत काहीही म्हणोत, कॉलनीत ती ‘ओपन स्पेस’च असते. तिथे आधी क्रिकेट, गाजरगवत आणि राडारोडा नांदतात. मग कधीतरी समाजमंदिर होते, एखादे मंदिर उभे राहते, आणि उरलेल्या जागेला जाळी, पेव्हर ब्लॉक आणि नामफलक मिळून तिचे उद्यान होते. कोणी मुद्दाम आखलेली बाग ती नव्हे. आखणीतून उरलेल्या जागेवर ती वसलेली असते, आणि म्हणून ती बहुधा कोपऱ्यावर, नाल्याच्या काठी किंवा उच्चदाबाच्या तारांखाली सापडते.

अशा जागांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे असे वाटते, पण ते पूर्णपणे खरे नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत स्पष्ट लिहिली आहेत. मात्र १९४९ च्या महापालिका अधिनियमात कामांचे दोन वर्ग आहेत. पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती ही कामे बंधनकारक. बागा फुलवणे हे ऐच्छिकांतले. अंदाजपत्रकात ओढाताण झाली की पहिली कात्री कुठे लागणार, हे या वर्गवारीतच ठरलेले असते, आणि त्यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नसतो. पाणी चार दिवस आले नाही तर मोर्चा निघतो. झोक्याची साखळी चार महिने तुटलेली राहिली तर मुले तो झोका सोडून दुसऱ्यावर बसतात. नाशिकमध्ये तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकीय राजवट होती. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर नगरसेवक परत आले. मधल्या काळात साखळीबद्दल कोणाच्या दारात जायचे, हा साधा प्रश्नही अवघड झाला होता.

महापालिकेला हे काम एकटीने झेपत नसेल तर ना-नफा संस्थेने त्यात वाटा उचलावा, या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झाला. त्याचे गोडवे गाणारे पुष्कळ असतात, पण त्यातील कामाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हे उद्यान ८४३ एकरांचे आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, उद्यान खात्यातील माणसे कमी झाली, हिरवळीची धूळ झाली, बाके मोडली, भिंती रंगवून विद्रूप झाल्या आणि अंधार पडल्यावर तिकडे फिरकायची लोकांना भीती वाटू लागली. १९७९ मध्ये शहराने एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांना या उद्यानाच्या प्रशासक म्हणून नेमले आणि पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था स्थापन झाली. त्या महापालिकेच्या अधिकारी होत्या आणि संस्थेच्या प्रमुखही होत्या. देणगीदार आणि शहर या दोघांनाही आपले माणूस वाटेल असे एकच माणूस सुरुवातीला तिथे होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. लेखी करार मात्र १९९८ मध्ये झाला. म्हणजे अठरा वर्षे दोघांनी एकमेकांना कामातून पारखले आणि मग कागदावर सही केली. आपल्याकडे आधी सही, मग फीत आणि मग ओळख, असा क्रम असतो.

त्या करारात जमीन शहराचीच राहिली. धोरण ठरवण्याचा आणि कार्यक्रमांना परवानगी देण्याचा अधिकार शहराकडेच राहिला. संस्थेकडे आली ती रोजची निगा: गवत, झाडे, बाके, वाटा, कचरा. वार्षिक खर्चाचा मोठा भाग संस्था देणग्यांतून उभा करते. २०१२ मध्ये जॉन पॉल्सन या गुंतवणूकदाराने एकरकमी दहा कोटी डॉलर दिले, त्या देणगीची बातमी जगभर झाली. मला त्याहून मोठी वाटते ती १९९६ मध्ये सुरू झालेली पद्धत. संस्थेने उद्यानाचे ४९ पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यासाठी एक माळी नेमला. त्या पट्ट्यातील गवत वाळले तर त्याचे उत्तर त्या माळ्याने द्यायचे, आणि ते हिरवे राहिले तर श्रेयही त्याचेच. पूर्वी माणसांच्या तुकड्या गाडीतून येत, एक काम उरकून पुढच्या ठिकाणी जात. कोणती जागा कोणाची हे कोणालाच सांगता येत नसे.

आपल्याकडे ठेक्याने चालणाऱ्या कामाची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. गवत कापण्याचे यंत्र घेऊन चौघे येतात, तासाभरात लॉन कापतात, कापलेल्या गवताचा ढीग कुंपणाशी लोटतात आणि निघून जातात. त्यांत वाईट काही नाही; त्यांना त्याच दिवशी आणखी चार बागा उरकायच्या असतात. पण हरळीत लव्हाळा शिरू लागला आहे, सप्तपर्णीच्या आळ्याला एका बाजूने भगदाड पडून पाणी वाटेवर वाहते आहे, घसरगुंडीच्या पायरीचा बोल्ट सैल होऊन पत्र्याची कड वर आली आहे, या गोष्टी रोज तिथे वावरणाऱ्यालाच दिसतात. आमच्या उद्यानात काही काळ एक वयस्क माळी रोज येत असत. सकाळी नळी लावण्यापूर्वी ते खुरपे हातात घेऊन पूर्ण वाटेने एक फेरी मारीत आणि प्रत्येक आळ्यापाशी वाकून बोटाने माती दाबून पाहत. ओल बोटाला लागली तर त्या झाडाला त्या दिवशी पाणी मिळत नसे. फेरीच्या शेवटी ते घसरगुंडीची कड तळहाताने चाचपीत, कारण एकदा एका मुलाची चड्डी तिथे फाटली होती. हे काम कोणत्याही निविदेत बसत नाही. त्याला ‘बाब’ नाही, परिमाण नाही आणि दरही नाही.

म्हणून ना-नफा संस्थेने उद्यानासाठी काय करावे, या प्रश्नाचे माझे उत्तर फार रुक्ष आहे: तिने एका माणसाचा पगार द्यावा, आणि तो किमान वेतनापेक्षा कमी नसावा. कारंजे नको, सेल्फी पॉइंट नको, ‘आय लव्ह’ लिहिलेली अक्षरे तर नकोतच.

अडचण अशी की पैसा नेमका याच गोष्टीसाठी मिळत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्चण्याचे बंधन आले आणि सातपूर, अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या शहरात त्यातून बागांकडे काही पैसा वळला. पण या पैशाला वर्षाचे गणित असते. चालू प्रकल्प म्हणून धरले तरी सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षे. शिवाय दिलेल्या वस्तूवर नाव लिहिता येते, पगारावर येत नाही. त्यामुळे बाके येतात, ग्रीन जिम येते, कचरापेट्या येतात. आमच्याकडेही एका कंपनीने ग्रीन जिम दिली. पहिल्या वर्षी तिच्यावर रांग लागत असे. मग पायाने चालवायच्या यंत्राचे बेअरिंग गेले, ते करकर वाजू लागले, आणि दुरुस्ती कोणी करायची याचा उल्लेख देणगीच्या पत्रात नव्हता. कंपनीने दिलेला शब्द पाळला होता. तिने बेअरिंगबद्दल शब्द दिलाच नव्हता. फलक अजून चकचकीत आहे.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळे मांडले तेव्हा छापखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले, “पगाराचं ठीक आहे हो, घरटी महिन्याला शंभर रुपये काढू. पण जे वर्गणी देणार नाहीत त्यांचं काय करायचं?” त्यांचा रोख आमच्या गल्लीतल्या वर्गणी बुडवणाऱ्यांकडे होता. मला मात्र त्या प्रश्नाने नंतर फार दिवस सोडले नाही, कारण सावानासारखी संस्था आणि बाग चालवणारी संस्था यांतला फरक त्यात नेमका सापडतो. वाचनालयाला सभासद असतो. वर्गणी भरली तर पुस्तक घरी नेता येते, थकली तर नेता येत नाही, आणि हे कोणाला अन्यायाचे वाटत नाही. बागेला सभासद असूच शकत नाही. पहाटे चालणारे आम्ही सगळे वर्गणी देऊ. पण दुपारी बारा ते चार या वेळात आमच्यापैकी कोणी तिथे नसते. त्या वेळी गुलमोहराखाली शेजारच्या इमारतीच्या बांधकामावरचे मजूर डबा खाऊन आडवे झालेले असतात, कुरिअर आणि जेवण पोचवणारी मुले दोन ऑर्डरींच्या मध्ये मोबाइल उशाशी ठेवून पडलेली असतात, धुणीभांडी करणाऱ्या बाया दोन घरांच्या कामांमधला अर्धा तास बाकावर काढतात, आणि एखादे महाविद्यालयीन जोडपे लांबच्या बाकावर हळू आवाजात भांडत असते. शाळा सुटल्यावर नाल्यापलीकडच्या वस्तीतली मुले येतात आणि आमची मुले शिकवणीहून येईपर्यंत झोक्यांवर त्यांचेच राज्य असते. यांतले कोणीही आमच्या मंडळाचे सभासद नाही आणि होणारही नाही. बागेवर त्यांचा हक्क मात्र आमच्याइतकाच आहे. उलट ज्याच्या घरी अंगण नाही, बाल्कनी नाही, पंखासुद्धा धड नाही, त्याला बागेची गरज आमच्याहून जास्त आहे.

भागीदारीच्या प्रत्येक प्रयोगात शेवटी हाच माणूस आडवा आला आहे. मुंबईत ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली होती. तिथल्या रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९० च्या दशकात मैदानाची देखभाल तिच्याकडे आली. मैदान सुधारले, क्रिकेटही चालू राहिले, आणि मध्ये जाणारी पायवाट लोकांना खुली राहिली. पण त्याच शहरात मोकळे भूखंड सांभाळण्यासाठी म्हणून दिले गेले आणि त्यांतील काहींवर क्लब, जलतरण तलाव आणि सभागृहे उभी राहिली, जिथे आत जायला सभासदत्व लागते. म्हणूनच जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे नवे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिक खवळले, आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. त्या वादात दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती. एका बाजूचे म्हणणे असे की महापालिकेकडे ठेवले तर मैदानाची कचराकुंडी होते. दुसऱ्या बाजूचे असे की संस्थेकडे दिले तर मैदानाला फाटक लागते. दोन्ही म्हणण्यांना उदाहरणे होती, आणि अजूनही आहेत.

न्यूयॉर्कलाही हा प्रश्न सुटला नाही, फक्त त्याचे रूप निराळे होते. सेंट्रल पार्कला फाटक लागले नाही. प्रवेश सर्वांना, फुकट. पण त्या उद्यानाच्या भोवती शहरातले श्रीमंत राहतात म्हणून त्याला देणगीदार मिळाले, आणि ब्राँक्स किंवा क्वीन्समधल्या ज्या उद्यानांत गरीब कुटुंबे रविवारी दिवसभर असतात त्यांना मिळाले नाहीत. पॉल्सन यांच्या देणगीनंतर हा बोल मोठा झाला. २०१३ मध्ये तिथल्या एका लोकप्रतिनिधीने असा प्रस्ताव मांडला की मोठ्या संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा गरीब वस्त्यांतील उद्यानांसाठी द्यावा. तो कायदा झाला नाही. २०१५ मध्ये मोठ्या संस्थांनी काही रक्कम आणि आपल्या तज्ज्ञांचा वेळ अशा उद्यानांना देऊ केला. ब्रायंट पार्कची तऱ्हा आणखी वेगळी. ग्रंथालयाच्या पाठीमागचे हे लहानसे उद्यान १९८० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने सुधारले आणि १९९२ मध्ये पुन्हा उघडले. उंच झुडपे काढली, वाटा मोकळ्या केल्या, आणि कोणालाही उचलून हव्या त्या जागी नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. ही खुर्चीची कल्पना मला मनापासून आवडते, कारण आमच्याकडचे सिमेंटचे बाक जिथे उन्हात बसवले तिथे ते पंधरा वर्षे उन्हातच राहते. मात्र त्या उद्यानाचा खर्च भागतो तो परिसरातील मालमत्तांवरचा अधिभार, खाद्यगृहांचे भाडे आणि कार्यक्रम यांतून, आणि त्यामुळे वर्षातले कितीतरी दिवस तिथे काही ना काही मांडलेले असते. गंगापूर रस्त्यावर लग्नाच्या लॉन्सना तोटा नाही. आमच्या बागेचे तसे काही होऊ नये, एवढीच माझी त्यावरची टीका.

महाराष्ट्रात या बाबतीत सर्वांत जुना दाखला बहुधा पुण्याचा आहे. एम्प्रेस गार्डन ही बाग महापालिका चालवत नाही. १८३० मध्ये स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती चालवते. जमीन शासनाची, निगा संस्थेची, तिकीट माफक, आणि जानेवारीतल्या फुलांच्या प्रदर्शनाला सगळे पुणे लोटते. तिथे तिकीट आहे, हे खरे. पण एवढ्या वर्षांत तिथले वृक्ष राहिले, आणि काही वर्षांपूर्वी बागेच्या काही जागेवर शासकीय निवासस्थाने बांधण्याचा विचार पुढे आला तेव्हा त्याविरुद्ध बोलायला एक संस्था आणि तिच्या पाठीशी उभे राहणारे पुणेकर होते. बागेला वाली असणे म्हणजे काय, ते अशा वेळी कळते. आमच्या ओपन स्पेसवर उद्या कोणी मोबाइलचा टॉवर उभा करू म्हणाले तर त्याला पहिला आक्षेप कोणाच्या लेटरहेडवर जाणार, हे आम्हाला आज सांगता येत नाही.

नाशिकमध्येही अगदीच काही नाही असे नाही. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेने वनविभागाच्या जागेवर २०१५ च्या पर्यावरणदिनी हजारो नाशिककरांच्या हातांनी देशी झाडांची लागवड केली आणि तिला नाशिक देवराई म्हटले. एका दिवसात झाडे लावणारे उपक्रम आपण खंडीभर पाहिले आहेत. या कामाचे वेगळेपण पुढच्या वर्षांत आहे: उन्हाळ्यात टेकडीवर पाणी चढवणे, गवत वाळले की वणव्यापासून राखण करणे, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे. मुंबई नाका परिसरातील मुलांचे वाहतूक शिक्षण उद्यान ‘नाशिक फर्स्ट’ ही संस्था चालवते. तिथे शाळांची मुले येऊन सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग आणि रस्त्याचे नियम शिकतात. पांडवलेण्याच्या पायथ्याशी वनविकास महामंडळाच्या जागेवरचे नेहरू वनोद्यान टाटा ट्रस्टच्या साह्याने नव्याने सजले. तीन जागा, तीन तऱ्हा: एकीकडे स्वयंसेवकांचे श्रम, दुसरीकडे ठरलेला उपयोग, तिसरीकडे मोठी देणगी. पण या तिन्ही विशेष जागा आहेत. कॉलनीतल्या साध्या, उगीच असलेल्या, कोणत्याही उद्देशाविना जाऊन बसायच्या बागेसाठी यांतली कोणतीच घडण जशीच्या तशी वापरता येत नाही.

२०२५ च्या अखेरीस तपोवनातील झाडांवरून शहरात जो असंतोष उसळला तेव्हा कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडायला विरोध करायला किती माणसे जमली ते सर्वांनी पाहिले. झाडाला मिठी मारायला येणारा माणूस आणि मे महिन्यात बादली घेऊन येणारा माणूस बहुधा एकच नसतो, अशी माझी धारणा होती. आमच्या मंडळात नव्याने आलेल्या दोन मुली तपोवनात गेलेल्यांपैकीच आहेत आणि सप्तपर्णीची मोडलेली आळी त्यांनीच एका सकाळी बांधून काढली, त्यामुळे त्या धारणेवर मी आता पूर्वीइतक्या जोराने बोलत नाही.

तर आता आमच्या कराराच्या मसुद्याविषयी. महापालिकेशी करायच्या या मसुद्यातील बहुतेक कलमे निर्विवाद झाली. जमीन महापालिकेची राहील. वीज, पाण्याची जोडणी, कुंपण आणि मोठ्या दुरुस्त्या महापालिका करील. झाडाची फांदी छाटायची तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती मंडळ परस्पर गृहीत धरणार नाही. मंडळ एका माळ्याचा पगार, अवजारे, शेणखत आणि किरकोळ दुरुस्ती पाहील; पालापाचोळा घंटागाडीत न टाकता खड्ड्यात कुजवील. हिशेब दर तीन महिन्यांनी फाटकावर लावला जाईल, आणि तो सभासदांनाच नव्हे तर कोणालाही वाचता यावा म्हणून बाहेरच्या बाजूने लावला जाईल. करार तीन वर्षांचा असेल आणि दोघांपैकी कोणालाही तो सोडायचा झाल्यास सहा महिने आधी सांगावे लागेल, म्हणजे माळी एका रात्रीत उघड्यावर पडणार नाही. महापालिकेने उद्यानावर आज होणारा खर्च मंडळ आले म्हणून कमी करू नये, असेही एक कलम आम्ही घातले आहे. ते मान्य होईल याची मला फारशी आशा नाही, पण ते नसेल तर आमच्या शंभर रुपयांचा अर्थ एवढाच होतो की आम्ही तेवढा कर जादा भरला.

वाद राहिला तो वेळेचा. मंडळातील निम्म्याहून अधिक लोकांचे मत पडले की उद्यान सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी चार ते नऊ उघडे ठेवावे, मधल्या वेळात कुलूप लावावे. त्यांची कारणे खोटी नव्हती. दुपारी कोणी पत्ते खेळत बसते, कधी झुडपाखाली दारूच्या बाटल्या सापडतात, मागच्या वर्षी नळाची तोटी चोरीला गेली. एक काकू म्हणाल्या, “आमच्या सुनेला दुपारी बाळाला घेऊन जायला भीती वाटते, तिचं कोण बघणार?” हा प्रश्न मला मजुराच्या झोपेइतकाच खरा वाटतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांना मी एवढेच म्हणालो की कुलूप लावले तर सूनही दुपारी आत जाऊ शकणार नाही. माळ्याच्या कामाची वेळ बदलून त्याने सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी बारा ते पाच असे यावे, असे मी सुचवले. दुपारी पाणी घालणे झाडांना बरे नव्हे हे मलाही कळते, पण पाणी सकाळीच होईल. दुपारी खुरपणी, खत, झाडलोट आणि बेअरिंगला तेल ही कामे सावलीत बसून करता येतात. काम करणारे माणूस समोर असले की पत्त्यांचा डाव आपोआप दुसरीकडे जातो, आणि झोपलेल्याला उठवण्याचे कारण कोणाला उरत नाही. दोन पाळ्यांमुळे पगार वाढेल, तेव्हा वर्गणी शंभरवरून दीडशेवर न्यावी लागेल असा हिशेब काकांनी तिथल्या तिथे पाठीमागच्या पानावर मांडून दाखवला.

दीडशेला हात थोडे कमी वर झाले. मसुद्यात सध्या असे लिहिले आहे की उद्यान पहाटे पाच ते रात्री नऊ सलग उघडे राहील, आणि ही वेळ बदलायची असल्यास मंडळाचा ठराव पुरणार नाही. तशी सूचना फाटकावर तीस दिवस लावून, रविवारी दुपारी एक वाजता उद्यानातच सभा घ्यावी लागेल आणि तिथे हजर असलेल्या कोणालाही, सभासद असो वा नसो, मत देता येईल. “एक वाजता कोण येणार?” असे काकूंनी विचारले. त्या वेळी जे तिथे असतात ते येतील, त्यांना यावे लागणारच नाही, असे काका म्हणाले, आणि कलम पुढच्या बैठकीपर्यंत तसेच ठेवून आम्ही शेणखताच्या दराकडे वळलो.